प्रदर्शन आणि सहल एकत्र नको!

डिसेंबरात मोशीला कृषी प्रदर्शन लागलं की घरोघरी एकच बेत, "चला, पोरांना पुणंबी दाखवू." माझं स्पष्ट मत, हे बंद करा. मोशी नाशिक रस्त्याला, शनिवारवाडा पार तिकडं पेठेत. निम्मा दिवस ट्रॅफिकमध्येच जातो. लॉजवालेही गर्दी बघून भाडं सांगतात.

गेल्या साली आम्ही रविवारी सहकुटुंब गेलो. ड्रीपच्या फिल्टरचं विचारायचं होतं, विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट खिशात. स्टॉलवर ही झुंबड! त्यात धाकटं रडायला लागलं. रिपोर्ट खिशातच राहिला, घरी आल्या त्या पिशव्या आन् माहितीपत्रकं.

यंदा गुरुवारी मी आणि कारभारीण दोघंच. पाणी तीच सोडते, प्रश्न तिचेच जास्त. पोरांची सहल उन्हाळ्यात, कांदा निघाल्यावर.