'मामा' म्हणजे कोण?

आमच्या समुपदेशन केंद्रात एक तरुण जोडपं आलं होतं. दोघंही नोकरी करणारे. तान्ह्या मुलीसाठी रात्री कुणी उठायचं, यावरून सुरू झालेलं भांडण बायकोला माहेरी धाडण्यापर्यंत गेलं होतं. नवरा म्हणाला, "मॅडम, मूल पहिल्यांदा 'म म' करतं ते आईसाठीच. निसर्गानंच ठरवलंय, मी काय करणार?" बायको गप्प. खरं सांगते, क्षणभर मीही गप्पच झाले.

मग मी या 'म'चा माग काढला. आपल्याकडे तान्ह्याचं 'मंमं' म्हणजे भात. 'मामा' म्हणजे आईचा भाऊ, चौकातला पोलीसही मामाच, आणि 'मामा बनवणं' म्हणजे फसवणं. 'पापा' तर आपण गालाचा घेतो! पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीत 'मामा' म्हणजे आई. तिथेही मूल झालं की बाईला 'अमक्याची मामा' म्हणून हाक मारतात, तिचं स्वतःचं नाव मागे पडतं. सिंहलीत 'मम' म्हणजे चक्क 'मी'. तो शब्द संस्कृत 'मम'च्या कुळातला, बाळबोलीशी त्याचा संबंध नाही. आणि जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे बाप! आई म्हणजे 'देदा'. मध्य ऑस्ट्रेलियातल्या पित्यंत्यत्यारा या आदिवासी भाषेतही 'मामा' म्हणजे बापच.

भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी १९६० साली याचा उलगडा केला. त्यांच्यासमोर जगभरातल्या भाषांमधले आईबापांसाठीचे १,०७२ शब्द होते. आईसाठीच्या ५५ टक्के शब्दांत 'म', 'न' असे अनुनासिक आवाज होते, बापासाठीच्या फक्त १५ टक्क्यांत. दूध पिताना बाळाचं तोंड भरलेलं असतं, नाकातून हुंकार निघतो, पुढे भूक लागली की तोच आवाज ते काढतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे नवऱ्याच्या बोलण्यात थोडं तथ्य होतं, ते नाकारायचं कशाला? पण बाळ फक्त आवाज काढतं. तो कुणाला उद्देशून आहे, हे मोठी माणसं ठरवतात. जॉर्जियातलं बाळ 'मामा' म्हणालं की घरातले बापाकडे बघतात.

'निसर्ग' हा शब्द असाच सोयीनं वापरला जातो. १९५६ च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्यात 'नैसर्गिक पालक' कोण? आधी बाप, 'त्याच्यानंतर' आई. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा मात्र सामान्यतः आईकडे. १९९९ साली गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 'नंतर' म्हणजे केवळ बापाच्या मृत्यूनंतर नव्हे, तो जबाबदारी घेत नसेल तेव्हाही, असा अर्थ लावला. तरी कायद्यातला क्रम तोच राहिला. रात्री उठायचं ते आईनं, निसर्ग म्हणून. सही करायची ती बापानं, तीही निसर्ग म्हणून!

पुढच्या भेटीत मी त्या नवऱ्याला जॉर्जियाची गोष्ट सांगितली. तो हसला, म्हणाला, "म्हणजे मलाच हाक मारते की काय ती?" मी म्हटलं, "उठून बघा की एकदा." आठवड्यातले तीन दिवस त्यानं उठायचं, असं कागदावर लिहून ठरलं. किती टिकेल, माहीत नाही.

मैत्रिणींनो, आपल्या गटाच्या बैठकीत एकदा विचारून बघा: घरात कुठली कामं 'निसर्गानं' ठरवलेली आहेत, आणि ती नेमकी कुणाच्या वाट्याला आली आहेत?