काळ्या दगडाची चूल

वेरूळचे कैलास, रायगडाचा कडा आणि घरात अजून टिकून असलाच तर आपला पाटा-वरवंटा, ही सख्खी भावंडे. तिघेही बेसॉल्टचे, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी उफाळलेल्या लाव्ह्याचे. पण तो लाव्हा ज्या चुलीवर उकळला ती चूल आज कुठे आहे? मी म्हणतो, मादागास्करच्या पूर्वेला, रेयुनियाँ नावाच्या फ्रेंच बेटाखाली! हसू नका, वाचकहो.

१९६३ साली टुझो विल्सन या कॅनडाच्या शास्त्रज्ञाने हवाई बेटांवरून अशी कल्पना मांडली की, चूल जागच्या जागी राहते, वरचे कवच सरकते. निरांजनावरून कागद हळूहळू ओढला तर डागांची रांग उमटेल, तसेच हे. भारत उत्तरेकडे सरकला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी रांग राहिली. पुढे मॉरिशस आणि शेवटी रेयुनियाँ. तिथला पितों द ला फुर्नेझ अजूनही वारंवार लाव्हा ओकतो. (मधेच चुलीवरचा कागदच बदलला, ती भानगड आज नको.)

पण ओळीत उभे राहिले म्हणून नाते सिद्ध होत नाही. साक्ष दगडाचीच हवी. दख्खनच्या लाव्ह्यातल्या बऱ्याचशा रसाने वर येताना जाड, जुन्या खंडाचे खडक चाखले, त्याची मूळ चव बिघडली. बेटांचा लाव्हा पातळ सागरतळातून येतो, म्हणून पुष्कळसा सोवळा राहतो.

त्यात अडकलेला हेलियम वायू मोठा बोलका. हेलियम-४ युरेनियम-थोरियमपासून सतत नवा तयार होतो. हेलियम-३ मात्र बहुतेक पृथ्वीच्या जन्मापासूनचा. हवेतल्या हेलियमशी तुलना केली, तर महासागरातल्या पर्वतरांगांच्या लाव्ह्यात या जुन्या हेलियमचा वाटा साधारण ८ पट भरतो, रेयुनियाँच्या दगडात १२-१३ पट. म्हणजे रस अधिक खोल, फारशा न ढवळलेल्या साठ्यातला असावा.

आणि १९९३ साली राजस्थानातल्या मुंडवारा व सारनू येथील, दख्खनच्या मुख्य उद्रेकाआधीच्या खडकांत किती निघाला? सुमारे १४ पट!

खोलवरची ही चूलच न मानणारे, कवचाच्या भेगांवर सारे भागवणारे भूशास्त्रज्ञही आहेत. त्यांनी या हेलियमचा हिशेब आधी द्यावा, असे मला वाटते.

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडची मराठी माणसे करार करून मॉरिशसला गेली. उसाची शेते मोकळी करताना तिथल्या मजुरांनी वेचलेल्या दगडांचे ढीग आजही दिसतात. तोही बेसॉल्टच, काळाकुट्ट.