चाकवताचा परदेशी भाऊ

गेल्या दिवाळीत मुलगा आणि सूनबाई पुण्याहून नांदेडला आले, तेव्हा फराळाच्या डब्यांबरोबर एक गुळगुळीत पाकीटही आले. माझ्या रक्तातली साखर अलीकडे माझ्यापेक्षा जास्त उत्साही झाली आहे, त्यावरचा तो उतारा होता. "आई, बाबांसाठी किनवा आणलाय," सूनबाई म्हणाली. आमच्या सौभाग्यवतींचे माहेर किनवट तालुक्यातले. त्यांनी अर्धेच ऐकले आणि म्हणाल्या, "अगं, किनवटचं काही हवं होतं तर मला सांगायचंस. भावानं एसटीत टाकून दिलं असतं!"

हसून झाल्यावर मी चष्मा लावून पाकीट वाचायला घेतले. बँकेच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला बारीक अक्षर आधी वाचायची खोड असते. किनवा, म्हणजे इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे 'क्विनोआ', सेंद्रिय, ग्लुटेनमुक्त, प्रथिनांनी परिपूर्ण. किंमत पाहून मी मनातल्या मनात भागाकार केला. तेवढ्या पैशात चार-पाच किलो चांगली शाळू ज्वारी आली असती.

दुसऱ्या दिवशी तो शिजला. सूनबाईने सांगितले की आधी फेस जाईपर्यंत धुवायचा. दाण्याच्या सालीत रिठ्यात असतो तसला सॅपोनिन नावाचा कडू पदार्थ असतो, म्हणून हा फेस. मग एक वाटी दाण्याला दोन वाट्या पाणी आणि पंधरा मिनिटे मंद आच. दाणा पारदर्शक होतो आणि त्याच्या कडेने पांढरा धागा सुटतो. सौ.नी त्याला मोहरी-जिऱ्याची फोडणी दिली, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मूठभर शेंगदाणे घातले. भगरीच्या आणि उपम्याच्या मधले काहीतरी तयार झाले. खरे सांगायचे तर चांगले लागले. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, बोलिव्हियाच्या बाजूचा, आणि किनवाही तिकडच्याच अँडीज पर्वतातला. नांदेडच्या कढईत दोघा गाववाल्यांची भेट झाली म्हणायची.

सौ.नी मात्र कच्चा दाणा तळहातावर घेऊन निरखला आणि म्हणाल्या, "हे तर चाकवताच्या बियांवाणी दिसतंय." मी दुर्लक्ष केले. नंतर पुस्तक उघडले आणि ओशाळलो. किनव्याचे शास्त्रीय नाव चिनोपोडियम किनवा. आपल्या हरभऱ्यात, गव्हात तण म्हणून उगवणारा आणि ताकात पातळ भाजी होऊन ताटात येणारा चाकवत म्हणजे चिनोपोडियम अल्बम. एकाच घराण्यातले सख्खे भाऊ. राजगिरा हा त्यांचा चुलतभाऊ. हिमालयाच्या काही भागांत याच घराण्यातल्या झाडांचे दाणे धान्य म्हणून आजही खातात. आमच्या पिढीने मात्र चाकवत खुरप्याने उपटून बांधावर टाकला आणि त्याचा भाऊ परदेशातून पाकिटात घालून आणला.

हे वाचून कोणी स्वदेशीची तुतारी फुंकू लागेल, म्हणून घाईने सांगतो, माझा तो सूर नाही. ज्वारी तरी कुठे आपली? ती हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली. मिरची आली, शेंगदाणा आला, आणि सगळे मराठवाड्याचे होऊन गेले. किनव्यालाही पाय टेकायला जागा द्यावी. प्रश्न एवढाच की त्याच्या गुणांची जी यादी आपण टाळ्या वाजवून वाचतो, ती आपल्याच ताटाला कधी लावून पाहिली का?

आता थोडा जमाखर्च मांडू. शंभर ग्रॅम कोरड्या किनव्यात सुमारे १४ ग्रॅम प्रथिने असतात, ज्वारीत १०, राजगिऱ्यात १३. राजगिऱ्यात लोह सुमारे ८ मिलिग्रॅम, म्हणजे किनव्यापेक्षा बरेच जास्त. तंतूंच्या बाबतीत ज्वारी किनव्याच्या मागे नाही आणि ग्लुटेन तिच्यातही नसते. शिवाय पाकिटावरचा आकडा असतो कोरड्या दाण्याचा. दाणा पाणी पिऊन फुगला की शिजवलेल्या शंभर ग्रॅमात प्रथिने साडेचार ग्रॅमसुद्धा उरत नाहीत. हा बारीक अक्षरातला मजकूर पाकिटावर छापत नाहीत.

किनव्याची खरी मोठी जमेची बाजू म्हणजे लायसिन. प्रथिनांचा हा आवश्यक घटक ज्वारीत कमी पडतो, किनव्यात पुरेसा असतो. पण आपल्याकडे नुसती भाकरी कोण खातो? भाकरीबरोबर तुरीचे वरण असते, मुगाची उसळ असते, निदान पिठले तरी असते, आणि डाळींत लायसिन भरपूर. ज्वारीची उणीव डाळ भरून काढते, डाळीची उणीव ज्वारी. आपल्या आज्यांना लायसिन हा शब्द ठाऊक नव्हता, पण भाकरीवर वरण ओतायचे ठाऊक होते. आंबिलीचेही तसेच. ज्वारीचे पीठ ताकात आंबवले की धान्यातले लोह अडवून धरणारे काही घटक कमी होतात.

एक सावधगिरीची सूचना माझ्यासारख्या साखरवाल्यांना. भाकरी हे औषध नाही, किनवाही नाही. दोन्हींत पिष्ट आहेच. चार भाकरी खाऊन 'ज्वारी मधुमेहाला चांगली' म्हणत बसलो, तर रक्ततपासणीचा कागद खरे बोलतो. हा स्वानुभव आहे.

असो. खरी गोष्ट मला पुढेच सांगायची आहे, आणि ती सांगताना मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागणार आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी लातूर जिल्ह्यात, औशाकडच्या एका शाखेत अधिकारी होतो. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाच्या खुणा अजून ताज्या होत्या. घरे नवी होती, माणसे सावरत होती आणि प्रत्येकाला हातात रोकड हवी होती. सोयाबीन तेव्हा त्या भागात जोर धरू लागले होते. साडेतीन महिन्यांचे पीक, दिवाळीच्या तोंडाला पैसा आणि त्याच रानात मागून हरभरा. आमच्याकडे पीककर्जाचा तक्ता असे, कोणत्या पिकाला एकरी किती रुपये. त्यात ज्वारी तळाशी. एक शेतकरी आईला घेऊन शाखेत आला. मी तक्ता फिरवून त्याच्यापुढे धरला आणि म्हणालो, "ज्वारीत काय ठेवलंय? सोयाबीन लावा." तो सही करायला वाकला, तेव्हा मागे भिंतीला टेकून बसलेली त्याची आई म्हणाली, "अन् सायेब, ढोरं काय खातील?"

मी हसलो. "पेंड विकत मिळते, आजी," असे काहीसे बोललो आणि पुढची फाइल ओढली.

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्या तक्त्यात नव्हते, कारण तक्त्यात कडब्याचा रकाना नव्हता. ज्वारीचे उत्पन्न आम्ही मोजायचो ते बाजारात विकलेल्या दाण्याचे. घरच्या कणगीत पडलेले वर्षाचे धान्य, म्हणजे वाचलेला किराणा, जमेला धरला जात नसे. कडबा खाऊन उभी राहिलेली बैलजोडी आणि दुभती म्हैस, त्यांच्यापासून मिळणारे शेणखत, घरातल्या पोरांच्या वाटीतले ताक, यातले काहीच जमेला नव्हते. असा हिशेब केला की ज्वारी हरणारच. मी खोटा हिशेब केला नाही. अर्धा केला. बँकेच्या भाषेत याला चूक म्हणत नाहीत, म्हणून तो जास्त काळ टिकला.

सोयाबीनने काही दिलेच नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. पक्की घरे झाली, मुले लातूरला शिकली. पण रोकड पिकाचा लगाम आपल्या हाती नसतो. ऑगस्ट २०२१मध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा पल्ला गाठला होता. २०२४च्या हंगामात तेच सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकले गेले. आता पाहा, किनव्याचीही कथा हीच आहे. स्पॅनिश राज्यकर्त्यांनी ज्याला गरिबाचे, आदिवासींचे धान्य म्हणून हिणवले, त्या किनव्याच्या नावाने संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे वर्ष साजरे केले. जगभर मागणी उसळली, भाव गगनाला भिडले, लागवड वाढली आणि दोनच वर्षांत भाव कोसळले. बोलिव्हियाच्या माळावरचा शेतकरी आणि औशाचा शेतकरी एकमेकांना भेटले, तर त्यांना दुभाषा लागणार नाही.

आपल्याकडेही नामकरणे झाली. कालपर्यंत जे 'भरड धान्य' होते, त्याला २०१८मध्ये सरकारने 'पौष्टिक तृणधान्य' म्हटले, २०२३च्या अर्थसंकल्पात ते 'श्री अन्न' झाले. भारताच्याच प्रस्तावावरून २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षही झाले. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ही ज्वारीची जात २०१८मध्येच दिली. म्हणजे नाव आहे, बियाणे आहे. मग रानात ज्वारी का दिसत नाही?

कारण ज्वारी पिकवणे कष्टाचे आहे, आणि ते कष्ट आपण लेखात लिहीत नाही. पाखरे राखायची, काढणीला माणसे शोधायची. रोजगार परवडत नाही आणि परवडला तरी माणूस मिळत नाही. सोयाबीनला मळणीयंत्र दारात येते. घरात भाकरी थापायची, तीही गरम-गरम, प्रत्येकाच्या वेळेला. हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी केले आणि आरोग्याची प्रवचने पुरुषांनी दिली. गव्हाची पोळी सकाळी करून ठेवता येते, म्हणून ती जिंकली. यात सुनांना दोष देणाऱ्यांनी आधी स्वतः परातीपुढे बसावे. मी दोन महिन्यांपूर्वी बसलो. माझी भाकरी अजून नकाशासारखी होते, पण तव्यावर फुगते.

मला तीन गोष्टी सुचतात. पहिली, पीककर्जाची एकरी मर्यादा ठरवणाऱ्या जिल्हास्तरीय समित्यांनी ज्वारीच्या हिशेबात कडबा धरावा. दुसरी, २०२५-२६साठी मालदांडी ज्वारीला जाहीर झालेला ३,७४९ रुपयांचा हमीभाव कागदावर राहू नये, गावाजवळ वेळेवर खरेदी व्हावी. तिसरी आपल्या हातातली आहे. लातूर आणि नांदेडला शिकवणीसाठी राज्यभरातून हजारो मुले-मुली येऊन राहतात. त्यांच्या खाणावळींनी आठवड्यातून दोन दिवस भाकरी ठेवली, ज्वारी जवळच्या गावातून घेतली आणि भाकरी करण्याचे काम बचत गटांना रास्त मजुरीने दिले, तर श्री अन्नाच्या दहा परिसंवादांपेक्षा जास्त काम होईल. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांना आहारशास्त्राचा पहिला धडाही ताटात मिळेल.

'सेंद्रिय'बद्दलही एक शब्द. काळ्या खोल रानात, पावसाळा संपल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाढणाऱ्या आमच्या रब्बी ज्वारीने कित्येक शेतांत खताची गोणी आणि फवारा पाहिलेलाच नसे. तेव्हा तिला कोणी एक रुपया जास्त दिला नाही, कारण तिच्याजवळ प्रमाणपत्र नव्हते. आयुष्यभर लोकांकडून कागद मागितलेल्या माझ्यासारख्याने यावर जास्त बोलू नये.

गेल्या येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, त्याच शेतकऱ्याने मला रानात जेवायला बोलावले. त्याची आई आता नाही. कडब्याची कोप उभी होती, आत पांडवांचे पाच दगड मांडले होते, पूजा झाली. मग भज्जी, उंडे, खीर आणि घागरीतली गार आंबील. त्या भज्जीत हरभरा, तूर, वाल आणि रानातली मिळेल ती भाजी पडते. सूनबाईच्या पाकिटावर जे जे छापले होते, ते सगळे पत्रावळीवर होते. मी चवीने जेवलो आणि सभोवार पाहिले. हरभरा होता, ऊस होता. कोपेच्या मागे मात्र ज्वारीच्या जेमतेम दहा-बारा ओळी.

"एवढीच?" मी विचारले.

"पूजेपुरती लावतो, सायेब," तो म्हणाला. "कोपीला कडबा लागतो ना. आंबिलीचं पीठ लातूरहून आणलं."

गोठ्याकडे पाहिले. तिथे ठिबकच्या काळ्या नळ्यांची वेटोळी पडली होती. त्याच्या आईने मला विचारलेला प्रश्न त्याला आठवत असेल का, हे मी विचारले नाही. निघताना त्याने पिशवीभर हरभऱ्याचे डहाळे दिले, आणि त्याच्या बायकोने वरून चाकवताची एक जुडी ठेवली. "हे फुकटचंच आहे," ती म्हणाली, "नुसतं उगवतंय."