मर्सिडीज आणि मेरशी

सांगली-मिरज रस्त्याने विश्रामबागेतून मर्सिडीज गेली की माना वळतात. तिच्या नावाची एक गोष्ट समाजमाध्यमांवर नित्य फिरत असते : एमिल येलिनेक या व्यापाऱ्याच्या कन्येचे नाव मोटारीला मिळाले आणि १९०२ मध्ये ते व्यापारचिन्ह झाले. गोष्ट खरी आहे. परंतु तेथेच थांबणे हा इतिहास नव्हे, ही जाहिरातच झाली.

मुळात हे स्पेनमधील व्रतस्थ नाव. ‘मारिया दे लास मेर्सेदेस’, म्हणजे अनुग्रहांची मरिया. पुढे ‘मारिया’ गळाले आणि उरलेले बिरुद मुलींचे नाव झाले. दोलोरेस (वेदना), पिलार (खांब) ही नावेही अशीच घडली. ‘मेर्सेद’च्या मुळाशी लॅटिन ‘मेर्सेस’ आहे. त्याचा पहिला अर्थ मोबदला, वेतन. मोबदल्याचा शब्द कृपेचा झाला, पण मोल त्यातून सुटले नाही. १२१८ मध्ये बार्सेलोनात पेद्रो नोलास्को यांनी याच मरियेच्या नावाने संघ स्थापला. मुस्लिम सत्तांच्या कैदेतील ख्रिस्ती बंदी मोल देऊन सोडवणे हे त्याचे कार्य. त्याच्या सदस्यांची चौथी शपथ विलक्षण होती : प्रसंगी बंद्याच्या जागी स्वतः ओलीस राहायचे. ऐश्वर्याची खूण मानलेल्या नावामागे साखळदंड आहेत, ते असे.

आणि नावावरून माणसाचा धर्म ओळखणाऱ्यांनी येथे क्षणभर थांबावे. १८८९ मध्ये जन्मलेल्या या मर्सिडीजचे आजोबा आडोल्फ येलिनेक हे व्हिएन्नातील नामांकित ज्यू धर्मगुरू होते.

हे नाव महाराष्ट्राच्या शेजारी मोटारीपूर्वीच पोहोचले होते. पणजीलगतच्या मेरशी गावाचे नाव अस्सल देशी भासते. वस्तुतः ते तेथील चर्चच्या ‘नोसा सेन्योरा दास मेर्सेस’ या पोर्तुगीज नावाचा अपभ्रंश आहे. गावाचे जुने नाव मोरंबी. म्हणजे ‘मेरशी’ आणि ‘मर्सिडीज’ या एकाच शब्दाच्या दोन लेकी. ‘मेरशी’ला ओढूनताणून संस्कृत व्युत्पत्ती चिकटवणे जितके पोकळ, तितकेच या नावात केवळ परक्यांची करुणा पाहणेही. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने तेथील मुख्य रस्त्यावर गुलामांचा लिलाव होत असल्याचे लिहून ठेवले आहे. बंदिमोचक मरियेची पूजा करणाऱ्या राजवटीत माणसे विकली जात होती, आणि त्यांच्या सुटकेचे मोल देण्यास कोणताही संघ बांधील नव्हता.