सायकलला रंग मारला, भेग तशीच ठेवली

मित्रांनो, आज राजकारण नाही. एका जुन्या सायकलीबद्दल लिहितोय. पण शेवटपर्यंत वाचा, कारण तुमच्या घरातलं लेकरू उद्या सकाळी अशाच एखाद्या सायकलवर शाळेला जाणार आहे.

दोन महिन्यांपूर्वी पोरासाठी जुनी गियरची सायकल घेतली. जाड टायर, पुढे शॉकअप, काळाभोर नवा रंग, वर चकचकीत स्टिकर. साडेचार हजार रुपये. "साहेब, बघायचं कामच नाही, नुसती चालवायची," दुकानदार म्हणाला. दुकानाचं आणि गावाचं नाव मुद्दाम घेत नाही. प्रश्न एका दुकानाचा नाही.

गेल्या आठवड्यात पोरगं म्हणालं, पप्पा, चढाला जोर लावला की खालून कटकट आवाज येतोय. पायडल काढून ग्रीस लावलं. आवाज तसाच. मग सायकल उलटी करून डिझेलच्या फडक्याने पुसायला बसलो. हँडलखालच्या आखूड उभ्या नळीला खालची तिरकी नळी जिथं जोडलेली असते, तिथल्या रंगाचा पोपडा निघाला. खाली लांबी भरलेली! ती खरवडली तर जोडाच्या कडेने अर्ध्या नळीला वेढा घातलेली भेग. बोट फिरवलं तर त्याच नळीच्या पोटाला बारीक सुरकुती लागली.

या सुरकुतीचा अर्थ साधा आहे. ही सायकल कधीतरी समोरून जोरात आदळली होती. अशा धडकेत पुढचं चाक मागं दाबलं जातं आणि नळी नेमकी तिथंच दुमडते. पुढे रोजच्या गचक्यांनी भेग वाढत जाते. एक दिवस जोड सुटला की चाक आणि हँडल पुढं, पोरगं तोंडावर. ब्रेक कितीही चांगले असू देत, काही उपयोग नाही.

सायकल घेऊन परत दुकानात गेलो. उत्तर काय मिळालं? "दोन टाके मारून देतो की. सायकलच तर हाय, विमान हाय का?"

माझा खरा राग या वाक्यावर आहे. कारण हे वाक्य एकट्या दुकानदाराचं नाही, आपल्या सगळ्यांचं आहे.

दोन टाक्यांचं आधी सांगतो. फ्रेमला चुंबक लावून बघा. चिकटलं तर लोखंडी. लोखंडी फ्रेमची भेग जाणकार कारागीर नीट दुरुस्त करू शकतो, कधी पूर्ण नळीच बदलावी लागते. चुंबक चिकटलं नाही तर बहुतेक ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमची फ्रेम कारखान्यात वेल्डिंग झाल्यावर भट्टीत तापवतात, तेव्हा तिची ताकद परत येते. चौकातल्या दुकानात ही भट्टी नसते. तिथं टाका मारला की टाक्याशेजारचा धातू उलट मऊ पडतो आणि पुढची भेग तिथून सुरू होते. वरून रंग मारला की दिसायला सायकल नवी. याला दुरुस्ती म्हणायचं का? ही लपवाछपवी आहे.

आता 'विमान आहे का' याबद्दल. सायकलीच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ४२१०. त्यात माउंटन बाइकच्या नव्या फ्रेमवर पायडलचा जोर १ लाख वेळा देऊन भेग पडते का ते तपासतात. अमेरिकेत २०१५ साली ट्रेक कंपनीने सुमारे ९ लाख सायकली परत बोलावल्या. कारण? पुढच्या चाकाचा खटका उघडा राहिला तर डिस्क ब्रेकमध्ये अडकू शकतो, एवढंच. जगात सायकलकडे वाहन म्हणून बघतात. आपण मात्र तिला खेळणं समजतो, आणि त्या खेळण्यावर लेकराला बसवून उसाच्या ट्रॉल्यांच्या रस्त्यावर सोडतो.

एके काळी नगरपालिका सायकलचा कर घ्यायच्या, बिल्ला द्यायच्या. बिल्ला गेला, त्याचं दुःख नाही. पण आज जुनी सायकल कुणाकडून आली, कुठं आदळली, कुणी रंगवली, याची कुठंच नोंद नाही. लॉकडाऊनमध्ये लोकांनी हौसेने घेतलेल्या कितीतरी सायकली नंतर जुन्या बाजारात आल्या. त्यातल्या बऱ्याच चांगल्याही असतील. पण चांगली कोणती आणि आदळलेली कोणती, हे रंगाखाली कळणार कसं?

सरकारचंही तसंच. मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांतल्या ८वी ते १२वीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. २०२२ मध्ये ३५०० चे ५००० रुपये झाले. योजना चांगलीच आहे, तिने मुली शाळेत टिकल्या. पण ही रक्कम खरेदीची. वाटपाचा फोटो निघतो, पेपरात येतो, मीही छापलाय. तीन वर्षांनी त्या सायकलची फ्रेम कशी आहे, हे बघायला आपल्यापैकी कोण गेलं? मी तरी गेलो नाही.

काही जण म्हणतील, गरिबाला नवी परवडत नाही, जुन्याचाही धंदा बंद पाडता का? अजिबात नाही. जुनी सायकल विका, स्वस्तात विका. मीच जुनी घेतली ना! पण भेगेवर लांबी भरून विकू नका. गरिबाला स्वस्त माल हवा असतो, फसवणूक नको असते. दुकानदार म्हणेल, मीही तशीच घेतली, मला काय माहीत. मान्य. मग घेताना तुम्ही तपासा, आणि तपासली असं लिहून द्या.

मागण्या तीनच आहेत. एक, जुनी सायकल विकणाऱ्याने साध्या कागदावर तरी फ्रेम नंबर, तारीख, किंमत आणि 'फ्रेम दुरुस्त केलेली आहे / नाही' एवढं लिहून द्यावं. नंबर बहुतेक वेळा पायडलच्या एक्सलखाली कोरलेला असतो. आणि ग्राहकहो, हा कागद हातात असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही. माझ्याकडे कागद नव्हता. चूक माझीच.

दोन, शाळांनी वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि दिवाळीनंतर, सायकल तपासणी ठेवावी. गावातला एक चांगला मिस्त्री बोलवा, त्याची मजुरी शाळा समितीने द्यावी.

तीन, नगरपालिकेने आणि पंचायत समितीने या तपासणीला थोडा निधी द्यावा. स्वागत कमानीपेक्षा स्वस्तात होईल.

तोवर घरी एवढं करा. सायकल धुवा, बॅटरीच्या उजेडात सगळे जोड बघा. हँडलखाली, एक्सलजवळ, सीटच्या नळीच्या तोंडाला, मागच्या चाकाच्या खाचेपाशी. कुठं रंग फुगलाय, गंजाची बारीक रेघ आहे, सुरकुती आहे का बघा. मग मागच्या एका खाचेपासून दोरी हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर सारखं भरलं पाहिजे. नाही भरलं तर फ्रेम वाकडी आहे.

किल्लारी आपल्याच औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर या भागातली माणसं तडा गेलेल्या भिंतीखाली झोपायला घाबरायची. चुना फासला म्हणून भिंत धड होत नाही, हे आपल्याला कुणी वेगळं शिकवायला नको. मग सायकलच्या बाबतीत ते कसं विसरलो?

ती सायकल मी परत विकलेली नाही. भंगारातही तशीच दिली नाही, कारण तिथून ती पुन्हा रंगून येईल. फ्रेम करवतीने दोन तुकडे करून ठेवली आहे. ज्याला बघायची असेल त्याने घरी यावं, भेग दाखवतो. आणि ही पोस्ट शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर टाका.