देवघराचं काय करायचं?

काकाचा फोन आला तेव्हा मी परळला ऑफिसच्या लिफ्टमध्ये होतो. "अरे, मुरबाडच्या घराचं होमस्टे करू म्हणतोय. माळशेजला जाणारी सगळी गर्दी आपल्या दारावरून जाते, आपण नुसती बघत बसायचं का?"

पॉइंट बरोबर होता. कौलं दर पावसाळ्यात गळतात आणि घरात माणसं असतात ती गणपतीपुरती. काकाचा प्लॅनही रेडी: पडवीत टेबलं, माजघरात डायनिंग, माळ्यावर दोन खोल्या. "आणि देवघर?" मी विचारलं. तेवढ्यात रेंज गेली. त्या दिवशी लिफ्टला मनापासून थँक्स म्हटलं.

दुपारी पाय मोकळे करायला आचार्य दोंदे मार्गावर गेलो. केईएम, टाटाच्या गर्दीतून वाट काढत आपण रोज जिच्यावरून जातो, त्या हाफकिन संस्थेची जुनी इमारत मुळात पाद्र्यांचा मठ होती, आत चॅपेल. इथे पार्ट्या झाल्यात, तेही प्रार्थनेच्या जागी! अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी हा मठ जेझुइटांकडून काढून घेतला आणि गव्हर्नरसाहेबांचा बंगला केला. चॅपेल म्हणजे एकच लांब, उंच दालन. साहेबांनी त्या उंचीचा पुरेपूर फायदा घेतला. खाली मेजवानीचा हॉल, वर बॉलरूम. जिथे गुडघे टेकले जायचे तिथे सूप आणि डोक्यावर नाच. भक्तांना काय वाटलं असेल, कल्पना करा.

1882 मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी कॉलऱ्याने गेल्या आणि साहेब लोकांचं परळवरून मन उडालं. मुक्काम मलबार पॉइंटला हलला. मग प्लेग आला. 1899 मध्ये वाल्डेमार हाफकिन आपली लॅब घेऊन या रिकाम्या बंगल्यात आले आणि नाचाच्या घरात लस बनू लागली. 1925 मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं. 1970च्या दशकात लसनिर्मितीसाठी राज्य सरकारची वेगळी कंपनीही निघाली. म्हणजे मठात शेवटी धंदा आलाच. पण काय धंदा! सर्पदंशावरचं औषध हाफकिनमध्ये बनतं. भातलावणीच्या दिवसांत शहापूर-मुरबाडकडे त्याची किंमत काय असते, ते बांधावर वाढलेल्याला विचारा.

आता दुसरी बाजू. वसईच्या किल्ल्यातली चर्चेस आठवा. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पुढे वस्ती उठली. आज तिथे उंच भिंती आहेत, कमानी आहेत, छप्पर नाही. फोटो भन्नाट येतात. प्री-वेडिंगवाले खूश, पण पाऊस थेट आत.

परळचं छप्पर टिकलं, कारण तिथे कोणाला तरी रोज कामाला यायचं होतं. हे मला पटतं. तरी तो मधे घातलेला मजला खुपतो. चॅपेलमध्ये शिरल्यावर मान आपोआप वर जाते, ती जागाच गेली.

संध्याकाळी काकाला मीच फोन केला. "होमस्टे कर. पण देवघराची भिंत पाडायची नाही आणि वर माळा काढायचा नाही."

"बरं बाबा. पण दार कुठल्या बाजूला ठेवायचं? पाहुणे आत डोकावणार."

त्यावर आई आणि काकाचं अजून भांडण चालू आहे. कौलांची ऑर्डर मात्र गेली.