आधी मोजा, मग मिस्त्री बोलवा
आमच्या काटेवाडीकडंही पोरं प्लायवूड कापायचं छोटं सीएनसी मशीन घ्यायचं म्हणत्यात. जरूर घ्या. पण मधपेटीच्या फळ्या तिरक्या निघाल्या की मशीन झाकून मिस्त्रीची वाट बघू नका. तो येईपर्यंत हप्ता थांबत नाही.

शेडचा पाया आखताना आपण ३-४-५ नं काटकोन धरतो, तेच इथं. कटरऐवजी पेन बांधा, ३०० बाय ४०० मिलिमीटरचा चौकोन काढा, दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ५०० आले तर काटकोन बरोबर. एक जास्त, एक कमी आला तर वरची आडवी तुळई तिरकी बसलीय. वीज बंद करा, बोल्ट सैल करून ती सरळ करा, परत आवळा. काटकोन बरोबर असून माप हलतंय? मग पट्ट्याचा ताण अन् कपलिंगचे स्क्रू बघा.

पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून काम करत शिकायची हीच वाट दाखवली. पुढं तिथं फॅब लॅबही उभी राहिली.

माझं मत एवढंच: पोराला मशीन घेऊन देताना मोजपट्टी, गुण्या अन् पान्यांचा संचही द्या. दुरुस्ती येत नसंल तर मशीन आपलं नाही, मिस्त्रीचं.